ताडपत्रीखालचं बेणं

नासक्या बटाट्याचा वास आला की मला उंद्रीचं आमचं अंगण आठवतं. लग्नानंतरची पहिली दिवाळी नुकतीच झाली होती. जाऊबाईंनी आणि मी ज्योती जातीच्या बटाट्याचं बेणं कापलं, प्रत्येक फोडीला दोन डोळे ठेवले, राख लावून फोडी सावलीत पसरल्या. संध्याकाळी आभाळ भरून आलं, तशी मी कुणाला न विचारता सगळ्याचा ढीग केला आणि वर ताडपत्री टाकली. तिसऱ्या दिवशी लावणीला उघडलं, तर फोडी नासून त्यांना पाणी सुटलेलं. “काऊन झाकलं वं मोठे?” सासऱ्यांनी जाऊबाईंनाच विचारलं. जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी ताडपत्रीची घडी घालत राहिले. यंदाही सासरे म्हणाले, “बेनं लहानीलेच कापू द्या, तिच्या हाताले गुन हाये.” जाऊबाईंनी विळी माझ्याकडं सरकवली.