दाराची कडी

फिनेलचा वास आला की मला घाटकोपरच्या आमच्या चाळीतली ती दुपार आठवते. बाबा होमगार्ड होते आणि कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांची नाकाबंदीवर ड्युटी असायची. घरी आले की ते जिन्यापाशी थांबून काठी दोनदा आपटायचे. तो आवाज ऐकला की मी आतून दाराला कडी घालायचे. मग ते गॅलरीतल्या फिनेलच्या बादलीत वर्दी बुडवायचे, तिथेच आंघोळ करायचे आणि तांब्याचा आवाज थांबेपर्यंत आई आणि मी आत बसून राहायचो. त्या दिवशी काठी एकदाच वाजली आणि मग घरंगळत गेली. मी सवयीने कडी घातली, पण पाण्याचा आवाज आलाच नाही. आला तो खोकला, कोरडा, थांबायचं नाव न घेणारा. “अगं, बघ ना काय झालं,” आई म्हणाली, पण स्वतः जागची हलली नाही. मी फटीतून पाहिलं. बाबा वर्दीतच, भिंतीला टेकून खाली बसले होते आणि शेजारची खिडकी कुणीतरी हळूच लावून घेत होतं. दार उघडायला माझा हात कडीवर गेला. “उघडू नकोस गं,” बाबा बाहेरून म्हणाले, “ताप आहे मला. अँब्युलन्सला फोन लाव.” अँब्युलन्स आल्यावर ते आपल्या पायांनी जिना उतरून गेले, ते परत आले नाहीत. बाबा नको म्हणाले म्हणून मी दार उघडलं नाही, असंच मी आजवर सगळ्यांना सांगत आले. पण ते बोलायच्या आधीच मी कडीवरचा हात मागे घेतला होता.