बिनआवतनाची पंगत

आमच्या समोरच्या सरदारजींइतका हट्टी माणूस दुसरबीडच्या रस्त्यावरून आजवर गेलेला नाही. आणि गेलाच असता, तर त्यांनी त्याला थांबवून चहा पाजल्याशिवाय पुढे सोडला नसता. रस्त्याच्या पलीकडे त्यांचं वर्कशॉप. ट्रॅक्टरची ट्रॉली बनवावी तर त्यांनीच, असं पार साखरखेर्ड्यापर्यंतचे लोक म्हणत, आणि ती वेळेवर कधी मिळायची नाही, असंही तेच लोक म्हणत. कारण वेल्डिंगचा काळा चष्मा डोळ्यांवर चढवला की दारात कोणीतरी उभा राहायचा, आणि आलेल्याला तोंडात काही घातल्याशिवाय परत पाठवणं सरदारजींच्या धर्मात बसत नव्हतं. ट्रॉली न्यायला आलेला शेतकरी चहा पिऊन, चिवडा खाऊन, ट्रॉलीशिवाय घरी जायचा आणि वर खूश असायचा. मूळ घराणं नांदेडचं, पिढ्यानपिढ्या इकडंच मुरलेलं. पंजाब त्यांनी आमच्याइतकाच पाहिलेला, म्हणजे टीव्हीवर. निळी पगडी आणि पांढरीशुभ्र दाढी बघून एखादा ट्रकवाला आनंदानं पंजाबीत सुरू झाला की सरदारजी त्याच्याकडे कौतुकानं बघत राहायचे आणि शेवटी म्हणायचे, "बरं, आता मराठीत सांग ना बे, काय म्हणून राह्यला तू?"

मी इथल्या शाळेत मास्तर. सगळं गाव मला गुरुजी म्हणतं, सरदारजींनी कधी म्हटलं नाही. एकदा मी कारण विचारलं, तेव्हा हातातला पाना खाली ठेवून त्यांनी मला फार प्रेमानं समजावलं, "आमचे गुरू दहा झाले, अन् अकरावा ग्रंथ. तो शेवटचा. आता तुमचा नंबर कुठी लावू, सांगा बरं?" मी मुकाट्यानं मास्तर झालो. मुहूर्ताचंही त्यांना तसंच वावडं. आमच्याकडे अमावस्येला कोणी नवं काही घेत नाही, म्हणून सरदारजींनी स्कूटर नेमकी सर्वपित्रीला घेतली. शोरूममध्ये दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे यांच्याच सेवेला. मी नाक मुरडलं, तर म्हणाले, "सारे दिवस त्यानंच बनवले ना मास्तर? मंग एकाच दिवसात भेसळ काऊन करंन तो?" उपासतापास त्यांना मान्य नाहीत, पण आमच्या घरच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी झाली की नेमके त्याच वेळी ते काहीतरी विचारायला यायचे. आणि तब्येत कशी आहे म्हटलं की एकच उत्तर: चढदी कला. म्हणजे काहीही होवो, मन चढतं ठेवायचं. तापानं फणफणलेला हा माणूस एकदा गोधडीतून फक्त हात बाहेर काढून "चढदी कला" म्हणाला होता, आणि लगेच त्याला उलटी झाली होती.

पण त्यांच्या साऱ्या तऱ्हांत मोठी तऱ्हा म्हणजे त्यांची दोस्ती. वर्कशॉपला लागूनच तात्याचं कटिंगचं दुकान. ज्यानं जन्मात केसाला कात्री लावली नाही, त्याचा दिवसातला निम्मा वेळ तात्याच्या दुकानात जायचा. गर्दीच्या दिवशीसुद्धा खुर्ची अडवून पेपर वाचत बसायचे. तात्या ओरडायचा, "ऊठ ना बे सरदार, तुझ्यापाई धंदा बुडून राह्यला माझा." यावर सरदारजी पान उलटायचे. दोघांचं दिवसातून एकदा तरी कडाक्याचं भांडण व्हायचं आणि संध्याकाळी एकाच ताटलीत भजी खाणं व्हायचं. तात्याची बायको म्हणायची, "माझ्याशी बोलाले याच्यापाशी वेळ नाही, अन् त्या दाढीवाल्याशी दिवसभर बोलते."

आता मुख्य गोष्ट लंगराची. त्रिपुरी पौर्णिमा म्हणजे सरदारजींची नानकजयंती. त्या दिवशी वर्कशॉपमधलं लोखंड मागे सारून ते अंगण शेणानं सारवून घेत, पहाटेपासून डाळ रटरटायला लागे, रोट्यांची चवड लागे, आणि तुपात निथळणारा कडा प्रसाद म्हणजे कणकेचा शिरा तयार होई. त्याचा वास रस्ता ओलांडून थेट माझ्या अभ्यासाच्या टेबलापर्यंत यायचा. लंगर म्हणजे कोणीही यावं, जमिनीवर एका रांगेत बसावं आणि पोटभर जेवावं. लहान नाही, मोठा नाही, जात नाही, पात नाही. आणि इथंच घोडं पेंड खायचं. आमच्या गावात आवतनाशिवाय कोणी जेवायला जात नाही. घरोघर जाऊन, माणूस गाठून, "उद्या जेवाले या बरं का" असं तोंडानं सांगावं लागतं. तसं सांगितलं नाही, तर सख्खा भाऊसुद्धा घरी पिठलं खाऊन झोपतो आणि पुढं वर्षभर बोलत नाही. सरदारजी आवतन द्यायला तयार नव्हते. गाव आवतनाशिवाय यायला तयार नव्हतं. त्यामुळे दर वर्षी लंगरात कोण, तर रस्त्यावरचे ट्रकवाले, ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं, तात्या आणि मी. मी मूळचा मोताळ्याचा. बाहेरच्या माणसाला लाज कमी असते, आणि शिऱ्यापुढे तर माझी मुळीच टिकत नाही.

तात्या दर वर्षी हात जोडायचा. "मी येतो ना सांगून घरोघर. तुझं नाव बी नाही घेत." सरदारजी उलट त्याच्याकडून कोणालाच आवतन न देण्याची शपथ घ्यायचे. मला वाटायचं, हा निव्वळ हेका आहे. मग एकदा ते स्वतःच बोलले. "आवतन दिलं का निवड आली, मास्तर. याले दिलं, त्याले द्यायचं राह्यलं. राह्यलेला माणूस घरी बसून झुरते. बाबा नानकाच्या दारी कोणी राहू नये, म्हणून कोणालेच बोलवायचं नाही." एवढा सरळ विचार करायचं शिक्षण मला मिळालेलं नाही.

सरदारजींची बायको गेली, गुडघे दुखायला लागले, तेव्हा नांदेडचा मुलगा न्यायला आला. गुरुद्वाऱ्याजवळ घर, डॉक्टर हाताशी, नातवंडं. नाही म्हणायला काही जागाच नव्हती. सरदारजींनी पगडी सावरली आणि आमच्या देखत मुलाला शब्द दिला. "ज्या वर्षी गाव न बोलावता माझ्या पंगतीले बसंन, त्या वर्षी येतो." मुलगा हसला. त्याला गाव माहीत होतं. मीही निर्धास्त झालो, कारण मलाही माहीत होतं. हे आता इथून हलत नाहीत, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलंसुद्धा.

गेल्या वर्षी पौर्णिमेच्या आधी तात्यानं मात्र एक कमाल केली. दाढीला आलेल्या प्रत्येकाच्या गळ्याशी वस्तरा आला की तो शांतपणे म्हणायचा, "सरदाराच्या लंगराचं तुले आवतन नाही बरं." गिऱ्हाईक हलूही शकत नसे. "पाटलाले बी नाही. सरपंचाले बी नाही. कोणालेच नाही." शपथेला कुठं धक्का नाही, आणि गावाला मात्र जन्मभराचा उलगडा झाला. आम्हाला बोलावलं नाही याचं दुःख कोणालाच नव्हतं; दुसऱ्याला बोलावलं असेल, याचं होतं. पाटलांनासुद्धा आवतन नाही म्हटल्यावर सगळ्यांची पोटदुखी एकदम थांबली.

त्या पौर्णिमेला अंगण पुरलं नाही. पंगत रस्त्याच्या कडेनं पार माझ्या फाटकापर्यंत आली. डोकं झाकायला रुमाल कमी पडले, तर तात्यानं दुकानातली धुतलेली फडकी वाटली. पाटील, सरपंच आणि आमचे हेडमास्तर दाढी करायला बसल्यासारखी पांढरी फडकी डोक्यावर घेऊन ओळीनं बसले होते. वाढताना नवाच घोटाळा. आमच्याकडे पहिल्यांदा "नको, नको" म्हणायची रीत, आणि लंगरात नको म्हणजे नको, अन्न वाया घालवायचं नाही. भला मोठा पाटील रोटीला नको म्हणून बसला आणि पुढे गेलेल्या टोपलीकडे लेकरासारखा बघत राहिला. तात्या मागून ओरडला, "दोन्ही हात पुढं करा पाटील, इथं आग्रह भेटत नाही!" सरदारजी दुखऱ्या गुडघ्यांनी वाकून वाकून वाढत होते. डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. सगळे उठल्यावर लंगरासाठी नांदेडहून आलेला मुलगा जवळ आला. सरदारजीच म्हणाले, "हाव. येतो."

तेव्हा मला तात्याचा भयंकर राग आला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "ते गेलेच आता. शब्द दिला होता त्यांनी, तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं ना," तात्या भांडी गोळा करत म्हणाला. "मंग काय करू? तो राहावा म्हणून त्याची पंगत उपाशी ठेवू?"

सरदारजी नांदेडला गेले. वर्कशॉपचं शटर खाली आलं. तात्याच्या दुकानात आता बसायला भरपूर जागा असते आणि तिथं जावंसं वाटत नाही. मला त्या माणसाची फार आठवण येते, हे मी इथं स्पष्टच लिहितो. असलं काही तोंडानं सांगायची आमच्याकडे रीत नाही.

यंदाच्या पौर्णिमेला मी जेवणवेळी ओट्यावर बसलो होतो. पाटील आले. इकून चाललो होतो म्हणाले आणि बंद शटरसमोर थांबले. मग सरपंच आले, तेही सहजच. मग हेडमास्तर. जो तो सहज येत होता आणि दुसऱ्याची नजर चुकवत उभा राहत होता. बघता बघता रस्ता भरला. तात्यानं दुकानातून बाहेर येऊन हे पाहिलं आणि स्पीकरवर फोन लावला.

"सरदार, हे सारे आले ना बे इथं. अन् चूल बी नाही पेटलेली."

पलीकडून सरदारजींचा आवाज आला, "कोणी बोलावलं त्याईले?"

"कोणीच नाही."

"मंग बसव पंगत. बसले का जेवण येतेच."

आम्ही बसलो, रस्त्याच्या कडेला, मातीत. पाटलांनी न सांगता खिशातली दस्ती काढून डोक्यावर टाकली. थोड्या वेळानं माझ्या घरून भाकरींची टोपली आली, मग कोणाच्या तरी घरून वरणाची कढई आली, मग येतच राहिलं. तात्यानं फोन पंगतीच्या मधोमध जमिनीवर ठेवला होता. पलीकडून कोणी बोलत नव्हतं, आणि फोन ठेवतही नव्हतं.