निळ्या वेलबुट्टीची पत्रिका

पुतणीच्या लग्नाची पत्रिका मी करणार होतो आणि डोक्यात काही म्हणता काही येत नव्हतं. म्हणून सिंगापूरच्या सहलीत बायकोला ओढत पेरानाकन संग्रहालयात नेलं. पिढ्यान्‌पिढ्या मलय मुलखात मुरलेल्या चिनी कुटुंबांचा संसार तिथे मांडलाय. पहिल्याच कपाटात गुलाबी-पोपटी बशा. "किती भडक!" मी नाक मुरडलं. पुढच्या दालनात मात्र पांढऱ्यावर निळी वेलबुट्टी, कशी सोज्वळ! लगेच फोटो काढला, त्यावर गणपती बसवला आणि पुतणीला पाठवूनही दिला.

"अहो, पाटी वाचलीत का?" बायको म्हणाली. "ही भांडी सुतकातली आहेत. लग्नाची ती मघाची, भडक."

वैताग आला तो स्वतःच्याच अभिरुचीचा. आम्हा जाणकारांनी आनंदाला भडक म्हणून घराबाहेर कधी काढलं, कळलंच नाही. आता आमच्या भिंती राखाडी, कपडे राखाडी, आणि त्याला म्हणायचं अभिजात!

तेवढ्यात पुतणीचा फोन आला.

"काका, कसली क्लासी! सासूबाई तर म्हणाल्या, मांडवसुद्धा याच रंगात घालायचा."