मेंढरांच्या वाटांचा नकाशा

"काका, चित्र मुंबईला जायच्या आधी एकदा बघून जा," असा रेश्माचा फोन आला आणि मी टायरचं दुकान बायकोच्या हवाली करून निघालो. माझ्या पंक्चरच्या टपरीचा पहिला बोर्ड याच पोरीनं रंगवला होता. पुढं शाळांच्या भिंतींवर जिल्ह्याचे नकाशे काढता काढता तिला नकाशांचंच वेड लागलं. पुण्यात कला शिकली, परदेशात प्रदर्शनं झाली, पण काढते अजून नकाशेच. त्यात गाड्यांचे रस्ते नसतात, मेंढरांच्या वाटा असतात.

धाराशिवहून येरमाळा, तेरखेडा, पारगाव असा हायवे झकास आहे. पारगावहून आत वळलं की ईट. एसटीनं जाणार असाल तर गाडी बदलावी लागते, वेळ हाताशी ठेवा. वाटेत खवापोळी खा. दोन खाल्ल्या की जेवणाचा खर्च वाचतो.

ईटला रेश्मा आणि तिचे चुलते भिवानाना वाट बघत होते. नानांची मेंढरं आहेत. त्यांनी आधी मला डोंगरातला झरा दाखवायला नेलं. कातळाखाली गारेगार पाणी. ओंजळीनं प्यालो. "मे महिन्यात बी आटत न्हाय," नाना म्हणाले. पहिल्यांदा आलेल्या माणसाला असली जागा कोण दाखवतं? मन भरून आलं.

घरी हुलग्याचं गरम माडगं पिऊन चित्र बघायला बसलो. भिंतभर कापड, मातीचे रंग, बारीक वाटा आणि मधोमध निळा ठिपका. नानांनी त्यावर बोट ठेवलं.

"हे काय गं?"

"आपला झरा, नाना."

"मुंबईच्या भिंतीवर? उद्या लोक टँकर लावतील. मग माझ्या मेंढरांनी काय तुझा रंग चाटायचा?"

"अख्खं चित्र त्याच्यावर उभं आहे हो. एवढं मोठं काम मी आजवर केलं नाही."

नानांनी ठिपक्यावरचं बोट काही उचललं नाही. शेवटी रेश्मानं माती कालवली आणि ठिपका झाकला. पण माझा दुकानदारी स्वभाव! म्हटलं, "पोरी, सगळ्या वाटा तिथंच येऊन मिळतात की. शेंबड्या पोरालाही कळंल."

"काका, तुम्ही चित्र बघायला आलात का मोडायला?"

"लई खरं बोललं पाव्हणं," नाना हळूच म्हणाले.

ती चिडली, मग हसली आणि एकेक वाट खरवडत बसली. आता वाटा अर्ध्यातच विरतात, मधे नुसता डोंगर.

"घेईल का कुणी हे?" मी विचारलं.

"ठाऊक नाही. पण नाना निवांत झोपतील."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, झऱ्याचे फोटो मात्र पुसून टाकले. मोबाइल त्यात जागेची खूण ठेवतो. हे लिहू का, म्हणून नानांना फोन केला. "गाव लिवा, दिशा नको," म्हणाले.

तेव्हा मंडळी, ईटपर्यंतचा रस्ता वर दिलाय. पुढचा विचारू नका. मला त्यांनी एकदा नेलं, पाणी पाजलं, तेवढं माझ्या जन्माला पुष्कळ आहे.