भोवरा अन् खोड

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. शाळा चौथीत सुटली, पण सोनाळ्यात कोणाले बैल घ्यायचा असला तर तो आधी मला दाखवतात. अंगावरच्या केसांचा भोवरा शुभ की अशुभ, बैलाला खोड काय, मी लांबूनच सांगतो.

नात पुण्याला संशोधन करते. दिवाळीला आली तेव्हा मी तिला विचारलं, "माय, तू करते तरी काय तिथं?"

तिनं कांद्याचा पापुद्रा उचलला. "आबा, याच्याहून लय पातळ धातूचा थर असते. त्याच्यात चुंबकाचे भोवरे. डोळ्याले दिसत नाहीत. थरातून वीज सोडली, का भोवऱ्यापाशी ती जराशी बाजूले सरकते. तेवढ्या फरकावरून भोवरा ओळखायचा. पण थरात खोड असली, का भोवरा तिथंच अडकून बसते अन् फरकबी बदलते. मग भोवरा कोणता, खोड कोणती, समजत नाही."

"समजलं," मी म्हणालो. न समजायला काय झालं? काम बैल पारखायचंच, फक्त विजेवर.

पण माझ्या पोराचा, तिच्या बापाचा, हेका होता की आधी लग्न, मग काय ते भोवरे. जळगाव जामोदचे पाहुणे मुलासकट तिला पाहायला बोलावले. लग्न जमलं की प्रयोग सुटला, म्हणून नात सकाळपासून जेवली नव्हती.

पोहे आले. मुलाच्या आत्यानं विचारलं, "पोरगी काय करते?"

पोरगा माझा आढ्याकडे पाहू लागला. मग मीच ताठ बसून सांगितलं, "भोवरा धुंडते. खोडीत अडकलेला."

आत्याचा चमचा तोंडाशीच थांबला. "भोवरा? पोरीले भोवरा हाये?" आणि उठून सरळ नातीच्या केसात बोटं घालून पाहू लागली.

"दातबी पाहून घ्या," मी म्हटलं.

"रागावता काऊन आबा? पाहून घ्याची रीत हाये."

"मग आमचं पाहाचं राह्यलं. या जावईबापू, आशीर्वाद घ्या."

नवरामुलगा माझ्या पायाशी वाकला. डोक्यावर दोन भोवरे, स्वच्छ.

"दोन भोवरे, दोन बायका!" मी ओरडलो. "आमची नात पहिली का दुसरी, ते आताच सांगा!"

मुलाचा बाप लाल झाला. "आमचा पोरगा इंजिनियर हाये. असल्या गोष्टी आम्ही मानत नाही!"

"मग बाई काय उवा पाहत होत्या?"

पाहुणे चहा न घेता गेले. माझ्या पोरानं माझ्याशी बोलणं टाकलं. नात मात्र दोनदा पोहे घेऊन माझ्याजवळ बसली. "आबा, खरंच मानता हे दोन भोवऱ्यांचं?"

मी टोपी काढून डोकं तिच्यापुढं वाकवलं. "माह्याच डोक्यावर दोन हायेत. लग्न एकच झालं. तेच पुरलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा उठायच्या आत तिची बॅग मी खांद्यावर घेतली, तिला एसटीत बसवलं आणि तिच्या शेजारच्या सीटवरच्या बाईला बजावलं, "पोरगी भोवरे धुंडाले चालली. तिच्या डोक्याले हात लावजा नोका."