कोतवालाचं सोंग

आमच्या गावाने इंग्रजांविरुद्ध बंड केलं होतं, याबद्दल गावात दुमत नाही. कोणी केलं, कशासाठी केलं आणि त्यात नेमकं काय झालं, एवढंच ठरायचं बाकी आहे. स्वातंत्र्याआधी, जंगल सत्याग्रहाच्या दिवसांत, केशोरीच्या बाजूला असलेल्या आमच्या गावचे लोक एका सकाळी विळे घेऊन सरकारी जंगलात शिरले आणि परवानगी न घेता गवत कापू लागले. पोलीस आधीच झाडांमागे येऊन बसले होते. लाठ्या चालल्या, डोकी फुटली, काही जण तुरुंगात गेले. पोलिसांना आधी कोणी कळवलं, या एकाच मुद्द्यावर सगळ्या गावाचं एकमत होतं. आमच्या आजोबांनी.

आजोबा गावचे कोतवाल होते. म्हणजे मालगुजाराने, गावच्या जमीनदाराने, हाक मारली की धावायचं, ठाण्यावर निरोप न्यायचा, ठाण्याचा निरोप आणायचा आणि दोन्हीकडे शिव्या खायच्या. स्वातंत्र्य मिळाल्यावर गावाने या बंडाची दंडार बसवली. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं गाण्यानाचण्याचं, सोंगांचं नाटक. दिवाळी झाली, लवकर पिकणारा हलका धान कापून झाला की गावोगावी मंडई भरते, आणि मंडईच्या दिवशी भरदुपारी दंडार रंगते. आमच्याकडे सोंगं घराण्यावर चालतात. मालगुजाराच्या घरचा माणूस बंडाचा पुढारी होतो, गोंडटोल्यावरचा, म्हणजे गोंडांच्या वस्तीतला, ठाणेदार होतो आणि फितूर कोतवाल आमच्या घरचा. पहिल्या दंडारीत तर आजोबांनी स्वतःचंच सोंग घेतलं होतं. "तू तं होताच ना तिथं," असं त्यांना सांगण्यात आलं म्हणे.

पुढे छप्पन साली आमच्या घराने दीक्षा घेतली. मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गावकीची कामं सोडली, कोतवालकीही सोडली. सुटलं नाही ते दंडारीतलं कोतवालाचं सोंग. आजोबांनंतर बाबांनी ते घेतलं आणि दर वर्षी न चुकता घेतलं. कोतवाल रिंगणात आला की सगळं गाव डबे बडवतं, हुर्यो उडवतं, शेंगांची टरफलं फेकतं. बाबा घुंगरांची काठी आपटत मधोमध उभे राहायचे, त्या गोंगाटात तोंड हलवायचे आणि निघून जायचे. लहानपणी मी समोर बसायचो आणि मान खाली घालायचो. मोठा झाल्यावर मंडईला जाणंच सोडलं. गोंदियाच्या पार्सल ऑफिसात नोकरी लागली, विहारातल्या मित्रांमध्ये वावर वाढला. ते म्हणायचे, तुझ्या बाबांना सांग, बंद करा ही लाचारी. मी सांगायचो. बाबा ऐकायचे नाहीत.

या वर्षी त्यांचे गुडघे गेले. त्यांनी मला फोन करून बोलावलं आणि सोंग मी घ्यावं म्हणाले.

"कायले?" मी विचारलं. "ढोरं ओढनं सोडलं ना आपन, हे काऊन नाई सोडत?"

"सोडून देजो. पन या साली उभा राय. एक बोल हाय, थो लोकायच्या कानी पडला पायजे. माह्या जल्मात तं नाई पडला."

मग त्यांनी मला तो बोल शिकवला. कोतवाल ठाणेदाराला म्हणतो: "हुजूर, मी कोतवाल. मालगुजारसाहेबाचा निरोप हाय. गावचे लोक उद्या सरकारी जंगलात गवत कापाले येऊन राहिले. शिपाई पाठवा."

मी पार्सल ऑफिसातला माणूस. आमच्याकडे खोक्यात काहीबाही निघालं तर हमालाला कोणी धरत नाही, आधी पाठवणाऱ्याचं नाव बघतात. इथे पाठवणाऱ्याचं नाव दर वर्षी भर दुपारी, सगळ्या गावासमोर सांगितलं जात होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. बाबा म्हणाले, पहिल्या दंडारीत आजोबांनी ठाण्यावर जे सांगितलं होतं तेच रिंगणात सांगितलं, आणि त्यांनी तोंड उघडताच मालगुजाराच्या गड्यांनी डबे बडवायला सुरुवात केली. पुढे तीच प्रथा झाली. याला पुरावा विचाराल तर तो माझ्याकडे नाही. मी सोंग घ्यायला तयार झालो.

तालमीच्या आधी ग्रामपंचायतीत बैठक झाली. अध्यक्ष अर्थातच मालगुजाराचा नातू. मालगुजारी केव्हाच गेली, पण त्याची जागा राइस मिलने घेतली आहे, त्यामुळे फारसं बिघडलं नाही. त्याच्या घरी काचेच्या कपाटात चांदीच्या मुठीचा एक विळा ठेवलेला आहे. याच विळ्याने आपल्या आजोबांनी पहिली गवताची पेंडी कापली, असं तो पाहुण्यांना सांगतो. मी तो विळा पाहिला आहे. त्याला धार कधी लावलेलीच नाही. त्याने गवत काय, लोणीसुद्धा कापलं जाणार नाही.

या वर्षी दंडारीला नेते येणार होते, म्हणून बंड दुरुस्त करायचं ठरलं. एकजण उठून म्हणाला की गवत कोणासाठी कापलं, हे आधी स्पष्ट व्हायला हवं. गवत गाईसाठी होतं, म्हणजे हे मुळात गोरक्षणाचं आंदोलन. एक जिवंत गाय रिंगणात आणावी. गोंडटोल्यावरच्या पोरांनी सांगितलं, गवताचं निमित्त होतं, लढा जंगलाचा होता, आणि जंगल आमचं होतं. तुमचा मालगुजार त्यात कुठून आला? आमच्या विहारातला एकजण म्हणाला, आमच्याकडे जनावरंच नव्हती, आमचा गवताशी संबंध काय, आमची लढाई पाण्याची होती. पाहुणे म्हणून आलेले जंगल खात्याचे साहेब शांतपणे म्हणाले की त्या काळच्या लोकांचं जंगलावर किती प्रेम होतं, हे या आंदोलनातून दिसतं. याला वनसंरक्षणाची चळवळच म्हणावं. त्याच आठवड्यात त्यांच्या गार्डाने गवत कापणाऱ्या दोन बायांचे विळे जप्त केले होते. त्या बाया बैठकीत नव्हत्या, विळ्यांमागे फिरत होत्या.

अध्यक्षाने कोणालाच दुखावलं नाही. गाय घेतली, जंगलाचं गाणं घेतलं, पाण्याचे दोन संवाद घेतले, झाड लावण्याचा कार्यक्रम घेतला. बदल न झालेली गोष्ट एकच, फितूर कोतवाल. "ते कॉमेडी आहे, पब्लिकला लागतं," असं तो म्हणाला.

त्याला स्वतःला पुढाऱ्याचं लांबलचक भाषण होतं आणि आवाज मात्र बेताचा. म्हणून त्याने गोंदियाहून साउंडवाला मागवला आणि प्रत्येक सोंगाच्या गळ्याशी माइक लावायला सांगितला. माझ्या गळ्याशीसुद्धा. माझी फजिती नीट ऐकू यावी, हा हेतू. साउंडवाला क्लिप अडकवताना म्हणाला, "भैया, हिलना मत, फिर देखो कैसा गूंजता है."

मंडईच्या दुपारी नेते खुर्चीत बसले. बाबा कडेला बाजेवर बसले होते. गाय रिंगणात आली, बिथरली आणि जिलबीच्या दुकानाकडे गेली. मग माझी पाळी आली. मी काठी आपटली तसे डबे सुरू झाले, टरफलं अंगावर आली. मी बोल म्हटला. चारही बाजूंच्या भोंग्यांतून माझाच आवाज माझ्या अंगावर आला: मालगुजारसाहेबाचा निरोप हाय.

डबे एकदम थांबले नाहीत. आधी पुढच्या रांगेतले थांबले, मग मागचे. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "कोनाचा म्हनते गा थो?"

मी पुन्हा सांगितलं. माझ्यासमोर ठाणेदार झालेला गोंडटोल्यावरचा पोरगा भारी हुशार. त्याच्या वाट्याला इथे फक्त मान हलवणं होतं. तो मिशीला पीळ देत म्हणाला, "हमको ऐकू नाई आया. कोनाचा निरोप?"

तिसऱ्यांदा सांगितलं. लोक हसायला लागले, पण या वेळी माझ्याकडे बघून नाही. आणि त्याच हसण्यात चांदीच्या मुठीचा विळा उंच धरून पुढारी रिंगणात आला. त्याच्या भाषणातलं एक अक्षर कोणाला ऐकू आलं नाही, गळ्याशी माइक असूनसुद्धा. मी बाबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. डोळे पुसत होते. मला इतका आनंद झाला की मी काठी आणखी एकदा आपटली.

तो आनंद आभारप्रदर्शनापर्यंत टिकला.

अध्यक्ष घाम पुसून उभा राहिला आणि त्याने अतिशय गंभीर आवाजात सांगितलं की आज एक झाकलेलं सत्य समोर आलं आहे. "सत्याग्रहात लपवाछपवी नसते. आपण कायदा मोडणार, हे सरकारला आधी कळवायचं असतं, हे सत्याग्रहाचं तत्त्व आहे. माझ्या आजोबांनी ते पाळलं. स्वतःहून ठाण्यावर निरोप पाठवला. केवढं हे धैर्य!" नेत्यांनी टाळ्या वाजवल्या. ते वाजवतात म्हणून लोकांनीही वाजवल्या. जंगलात ज्यांची डोकी फुटली त्यांच्या नातवांनीही वाजवल्या. आमच्या घराने इतकी वर्षं ज्याबद्दल टरफलं खाल्ली ती फितुरी, मालगुजाराचं नाव लागताच चहा व्हायच्या आत तत्त्व होऊन बसली. पुढे त्याने जाहीर केलं की असा निरोप देणं हा मोठा मान आहे, आणि पुढल्या वर्षीपासून कोतवालाचं सोंग त्याच्या घराकडे राहील. निरोप मालगुजार स्वतःच घेऊन गेला, असं दाखवायचं. मधला माणूस कशाला?

मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. तोंडावर थुंकले असते तर बरं वाटलं असतं. रात्री बाबा जेवून झोपले.

सकाळी अध्यक्षाचा दिवाणजी मोटारसायकलवरून आला. पायातली चप्पल न काढता ओसरीवर चढला आणि नम्रपणे म्हणाला, "काकाजी, थो कोतवालाचा सामान पायजे होता. फेटा, कोट अन् काठी. भाऊनं सांगतलं, काचेच्या कपाटात ठेवाचा हाय."

बाबांनी मला आत पाठवून फेटा आणि कोट आणायला लावलं. त्यांनी दोन्ही व्यवस्थित घडी करून दिवाणजीच्या हातात दिले.

"अन् काठी?"

"काठी सोंगाची नाई," बाबा म्हणाले. "माह्या बापाची हाय. थ्याच काठीनं थो चालत गेलता ठाण्यावर, अन् तिथून परत आला तं गावानं त्याले थ्याच काठीनं मारलं."

मला ही मारहाण माहीत नव्हती. बाबांनी ती मलाही कधी सांगितली नव्हती.

"भाऊले काय सांगू मंग?" दिवाणजीने विचारलं.

"सांग, निरोप तुमीच नेला म्हनता ना, तं मारही घेऊन जा," बाबा म्हणाले. "थो घराकडंच हाय आमच्या, कोनी मागाले नाई आला अजून."