माझी कंबर धरणाऱ्या दोघी

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, तमिळ मुलखात मेलकावेरीला झालं. सुईण साठीची, तमिळ. तिला सगळे पाटी म्हणत, म्हणजे आजी. तिनं मला झोपूच दिलं नाही. माजघरात फेऱ्या घालायला लावल्या. कळ आली की मी तिच्या गळ्यात हात टाकायची आणि ती माझी कंबर चोळायची. मुलगी झाली, पण नंतर रक्त थांबेना. पाटी पोट दाबून बसली. ती घाबरली होती. मी वाचले खरी, पण दोन महिने अंथरूण सुटलं नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेला घरच्यांनी मला प्रसूतिगृहात नेलं. आईला बाहेर व्हरांड्यात बसवलं. मला उंच लोखंडी टेबलावर उताणं निजवलं. नर्सबाई तिशीची, बोलायला तुटक. कळ आली तेव्हा धरायला कुणीच नव्हतं.

"खाली उतरू का?" मी तमिळमध्ये विचारलं.

"पडून राहा."

पुढच्या कळेला मला राहवेना. "मागच्या वेळी पाटीनं चालवलं होतं. कंबर चोळली होती."

"कुठे चोळली?"

मी तिचा हात ओढून जागा दाखवली. तिनं जरा दाबून पाहिलं, मग म्हणाली, "अजून वेळ आहे. उतरा हळूच."

आम्ही दोघी खोलीभर चाललो. दुपारी मुलगा झाला. याही वेळी रक्त जाऊ लागलं, पण तिनं लगेच इंजेक्शन दिलं आणि ते थांबलं.

घरी आल्यावर आठवड्यानं नर्सबाई बाळाची नाळ बघायला आली. पाटी पाय पसरून बाळाला न्हाऊ घालत होती. तिला न बोलावता आम्ही प्रसूतिगृहात गेलो याचा राग होताच, त्यामुळे तिनं मान वर केली नाही. नर्सबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

"कंबर चोळणाऱ्या तुम्हीच ना? मला नीट शिकवा."

पाटीनं बाळाला पुसून दुपट्यात गुंडाळलं. मग बाळ माझ्याकडे देत म्हणाली, "शिकवते. पण तू आधी सांग, ते रक्त थांबवलंस कसं?"

तिसऱ्या वेळी मी घरीच राहिले आणि दोघींना बोलावलं. नर्सबाईनं कात्री उकळली, इंजेक्शन तयार ठेवलं. पाटीनं मला चालवलं. मला भीती अशी वाटलीच नाही. मुलगी झाल्यावर दोघींचं वाजलं ते एवढ्यावरूनच, की मला आधी कॉफी द्यायची की मिऱ्याचा काढा. मी दोन्ही प्याले.